खरं

आमच्या बेळगावी मराठीत 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो म्हणालता, खरं आला नाही.
पुण्याकडची माणसं हसतात.
हसू देत.

चाळीस वर्षं पाट्या रंगवतो मी शहापुरात.
वर कन्नड, खाली मराठी.
साठ टक्क्यांचा नियम आला
तेव्हा फूटपट्टी धरून ईरण्णा अंगडीच बसला होता शेजारी.
त्याच्या लिपीला जास्तीची जागा आखून देत होतो,
तो माझ्या हाताकडे बघत नव्हता.
चहा त्यानं दिला.

बुधवारी व्हिडिओ आला.
लाल बस, फुटलेली काच,
पायरीवर बसलेला रक्ताळला कंडक्टर.
एका फोनवर घोषणा मराठीत,
दुसऱ्या फोनवर कन्नडात.
मार खाणारा तोच, मारणारे बदललेले.
सातला खडेबाजाराची शटरं पडली.
आठला वडगावची चार पोरं माझ्या दारात:
काका, काळा रंग द्या, डबाभर.

एक डबा संध्याकाळीच गेला होता.
ईरण्णाच्या पुतण्यानं नेला होता.
गेटला लावायचाय म्हणाला.
मी पैसे मोजून घेतले होते.

चष्मा चढवला.
बसच्या कपाळावरची पाटी बोटानं थांबवली, मोठी केली.
'बेलगाव'.
वर कन्नडात बघितलं, तिथंही तेच,
ळ च्या जागी ल.
आणि तो ल सुद्धा उजवीकडं दांडी असलेला;
आमचा ल दांडीला टेकत नाही, देठावर उभा राहतो.

ईरण्णाला फोन लावला. त्यानंही तेच बघितलेलं.
दोन भाषा सत्तर वर्षं एका गावावरनं भांडतात,
खरं त्या गावाच्या नावातला ळ
दोघींच्या तोंडात आहे.
ज्याच्या तोंडात नाही
तो आमचं भांडण लावून द्यायला आला होता.

कोण, ते मला सिद्ध करता येणार नाही.
मी पेंटर आहे.
माझा भाचा यतीन डॉक्टरी शिकायला गेला तो
दुसऱ्याच एका सीमेजवळ.
त्याच्या कॉलेजच्या तळघरात आता गाद्या टाकल्यात.
त्यानं व्हिडिओखालचं नाव वाचलं, आणि लिहिलं,
मामा, हेच खातं मागं सांगत होतं
की आमच्या तळघरातली माणसं नट आहेत,
रक्त म्हणजे बीट.

पलीकडच्या त्या देशात म्हणे एकच पाटी,
एकाच हाताची, पंचवीस वर्षं.
मतदान होतं.
निकाल आधी रंगवून वाळत घातलेला असतो.
आमच्याकडं पाटी दर पाच वर्षांनी खरवडतात,
रंग ओघळतो, स्पेलिंगवरनं मारामारी होते,
कोर्टात तारीख पडते.
त्यांना आमचा कोपरा जिंकायचा नाहीच.
एवढंच सांगायचंय सगळ्यांना:
बघा, दोन भाषा एका भिंतीवर ठेवल्या की असं होतं.
एकच बरी.

काय बघूलालाय काका, डबा द्या.

मी त्यांना ल दाखवला.
दांडी दाखवली.
एक पोरगं वाकून बघत राहिलं, बराच वेळ,
त्याच्या नाकाचा वाफारा स्क्रीनवर.
बाकीचे तिघं गेले.
रंगाची दुकानं खडेबाजारात अजून तीन आहेत.

रात्री दोन पाट्या काळ्या झाल्या.
वरची साठ टक्के एकीची,
खालची चाळीस दुसरीची.
ईरण्णा सकाळी टर्पेंटाइन घेऊन आला.
पुतण्याचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही.
घासलं. काळं निघतं,
खरं खालचं अक्षरही थोडं घेऊन जातं.

दुपारी यतीनचा आवाज आला फोनवर,
सहा सेकंद.
मागं काहीतरी पडल्यासारखं,
मग कुणीतरी पाणी मागतंय त्यांच्या भाषेत,
मग तो:
मामा, हितं लाईट नाही कालपासनं,
खरं

पुढं नुसती खरखर.
मी परत परत लावतो.
ईरण्णा ब्रश धुवायचा थांबलाय.